कारखान्यातील संगणक आणि त्यांचे गुमास्ते

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना वाटेल की, कामगार चळवळीत आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी पगार, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. संगणकाच्या भानगडीत त्यांनी कशाला पडावे? पण आम्ही या भानगडीत हौसेने पडलेलो नाही. पगार आणि हजेरी यांच्याच मागून चालत गेलो, तो वाट संगणकापाशी येऊन थांबली. म्हणून हा विषय आम्हांला जसा समजला तसा, शक्य तितक्या साध्या भाषेत मांडीत आहो.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांचे रूप पालटून गेले. पुढे कारखाने तळवड्याकडे आणि चाकणकडे सरकले. त्या पहिल्या काळात कामगाराच्या जागेवर तीन वस्तू असत: यंत्र, हत्यार आणि कामाचे कार्ड. आज चौथी वस्तू आहे, ती म्हणजे संगणक. गेटवर हजेरी घेणारा संगणक, स्टोअरमध्ये मालाची नोंद ठेवणारा संगणक, यंत्राच्या पोटात बसून हत्याराला हुकूम देणारा संगणक, डिस्पॅचला खोक्यावरचे लेबल छापणारा संगणक. मध्यम आकाराच्या कारखान्यातही असे शेकडो नग असतात, मोठ्यात हजारो. ते सर्व तारेने किंवा बिनतारी एकमेकांना जोडलेले असतात.

आता एवढ्या संगणकांची देखभाल करायची कोणी? प्रत्येकापाशी माणूस बसवणे शक्य नाही. तेव्हा एक युक्ती काढण्यात आली. जुन्या काळी पेठेतला सावकार स्वतः गावोगाव हिंडत नसे. प्रत्येक गावी त्याचा गुमास्ता असे. तो तेथली खबर पेठेत कळवी आणि पेठेतून आलेला हुकूम तेथे बजावी. संगणकाच्या जगातील 'एजंट' हा असाच गुमास्ता होय. ती एक लहानशी आज्ञावली असते, प्रत्येक संगणकात बसवलेली. ठरावीक मिनिटांनी ती जागी होते, मध्यवर्ती ठाण्याला विचारते, "माझ्यासाठी काही निरोप आहे काय?" आणि आपली खबर देते: संगणक चालू आहे, डिस्क इतकी भरली, अमुक आज्ञावली जुनी झाली, अमुक ठिकाणी विषाणूचा संशय आहे. निरोप असला तर तो अमलात आणते. यासाठी तिला संगणकावर बहुधा सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे गुण आणि सारे दोष यातूनच निघतात.

गुमास्त्याला अधूनमधून नवे शिक्षण द्यावे लागते, म्हणजे त्याची नवी आवृत्ती बसवावी लागते. नवे चोर निघतात, जुन्या कुलपातील उणिवा उघड होतात. आवृत्ती बदलणे हे ऐकायला सोपे. परंतु हजार ठिकाणी एकदम बदलायची म्हणजे त्यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण वजनाची. समजा, नवी आवृत्ती ३०० मेगाबाइटची आहे आणि संगणक २,००० आहेत. सर्वांनी ती बाहेरून एकाच वेळी मागितली तर ६ लाख मेगाबाइट आणावे लागतील. कारखान्याची बाहेरची लाइन सेकंदाला १०० मेगाबिटांची असली, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो हे धरले, तर ती लाइन अखंड ४८,००० सेकंद, म्हणजे सव्वातेरा तासांहून अधिक, नुसती याच कामात अडकून पडेल. तोवर गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी आणि मालाची चलने खोळंबतील. म्हणून शहाणे लोक प्रत्येक शॉपमध्ये एक संगणक नेमतात. तो बाहेरून एकदाच आणतो आणि शेजाऱ्यांना आतल्या आत वाटतो. गावात पाण्याचा टँकर आला तर प्रत्येकाने नदीपर्यंत जायचे नसते, तसेच हे.

दुसरी अडचण गैरहजेरीची. ज्या रात्री नवी आवृत्ती पाठवली, त्या रात्री काही संगणक बंद असतात, काही कोणाच्या पिशवीत घरी गेलेले असतात, काही यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली असतात. म्हणजे 'पाठवले' आणि 'पोहोचले' यांत अंतर पडते, आणि 'पोहोचले' व 'नीट चालू झाले' यांत आणखी अंतर पडते. संघटनेचे पत्रक वाटणाऱ्याला हे सांगायला नको. हजार पत्रके छापली म्हणजे हजारांनी वाचली असे होत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. इतर कोणतीही आज्ञावली बिघडली तर ठाण्याला गुमास्त्याकरवी ती लांबूनच दुरुस्त करता येते. पण गुमास्ताच बिघडला तर? विहिरीत पोहरा सोडलेला असताना ज्या दोराने तो वर ओढायचा तो दोरच बदलण्यासारखे हे काम आहे. नवा दोर पक्का बांधण्याआधी जुना सोडला, तर पोहरा तळाला जातो आणि तो काढायला माणसाला विहिरीत उतरावे लागते. नवा गुमास्ता उठलाच नाही तर तो संगणक ठाण्याच्या दृष्टीने मेला. मग कोणीतरी चालत त्या यंत्रापर्यंत जायचे, समोर बसायचे आणि हाताने दुरुस्ती करायची. एका संगणकाला पंधरा मिनिटे धरली, २,००० संगणक धरले आणि जाणती माणसे दहा धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास तासांचे काम येते. दहा जाणती माणसे हाताशी असणारे कारखाने भोसरीत किती आहेत, ते श्रोत्यांनीच आठवून पाहावे.

हे नुसते तर्क नव्हेत. शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने हे पाहिले. अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक ही कंपनी संगणकांच्या राखणीसाठी असाच एक गुमास्ता पुरवते. त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली असता तिने आपल्या गुमास्त्यांकडे एक लहानशी माहितीची फाइल धाडली. गुमास्त्याजवळ वीस रकाने भरण्याची सोय होती. नव्या फाइलीने एकविसावा मागितला. तो शोधण्यासाठी गुमास्ता स्मृतीच्या अशा भागात शिरला, जो त्याचा नव्हता. गुमास्ता विंडोजच्या अगदी गाभ्यात बसलेला असल्याने त्याच्याबरोबर अख्खा संगणक कोसळला, आणि पुन्हा चालू करताच पुन्हा कोसळू लागला. कंपनीने अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती फाइल मागे घेतली. परंतु तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख संगणक आडवे झाले होते. जगातल्या एकंदर विंडोज संगणकांच्या मानाने हा आकडा शेकडा एकाहूनही कमी आहे. तरी विमाने, रुग्णालये, बँका यांची कामे खोळंबली, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

यातील शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. काही सावध गिऱ्हाइकांनी आधीच ठरवून ठेवले होते की, गुमास्त्याची अगदी ताजी आवृत्ती आपण घ्यायची नाही, एक पायरी मागे राहायचे; आधी दुसऱ्यांकडे चालू दे, मग आपल्याकडे. धोरण उत्तम होते. पण ते गुमास्त्याच्या आवृत्तीपुरतेच होते. रोज येणाऱ्या माहितीच्या फायली सर्वांना एकदमच जात, त्यांवर गिऱ्हाइकाचा ताबा नव्हता. म्हणजे पुढचे दार कडी लावून बंद आणि मागचे सताड उघडे. या घटनेनंतर कंपनीने या फायलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे मान्य केले आणि त्या केव्हा घ्यायच्या हे ठरवण्याची मुभा गिऱ्हाइकांना दिली.

यावर कोणी म्हणेल, "असे असेल तर बदलूच नका, चालते आहे ते चालू द्या." कारखान्यात हे मत फार प्रिय आहे, आणि ते उगाच नाही. लाखो रुपयांचे यंत्र वीस वर्षे चालते, त्याच्या पोटातील संगणकाची आज्ञावली मात्र दहा वर्षांत म्हातारी होते. विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ साली थांबली, विंडोज सातची २०२० साली, विंडोज दहाची नेहमीची देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्र बनवणारा म्हणतो, आज्ञावली बदलाल तर माझी हमी नाही. मेंटेनन्सचा माणूस म्हणतो, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?

परंतु न बदलण्याचीही किंमत असते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका उणिवेवरची दुरुस्ती प्रसिद्ध केली. बरोबर त्याच उणिवेतून १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर आज्ञावली दीडशेहून अधिक देशांत शिरली. दोन महिने दुरुस्ती तयार होती. ज्यांनी ती लावली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. चेन्नईजवळील रेनॉ-निस्सानच्या मोटार कारखान्यालाही त्याची झळ लागली. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' आली. ती युक्रेनमधील कर भरण्याच्या एका आज्ञावलीच्या अपडेटमधून पसरली, म्हणजे खुद्द निरोपाच्याच वाटेने चोर आला. मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प झाला; तिच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. याच समूहाकडे असलेले न्हावा-शेवा बंदरातील टर्मिनलही त्यात बंद पडले. चाकणचा माल याच बंदरातून परदेशी जातो, हे सांगायला नको. घरापाशी म्हणाल तर २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या संगणकांवर असाच खंडणीखोर हल्ला होऊन पोलिसांत तक्रार गेली.

तेव्हा बदलावे की न बदलावे हा प्रश्नच नव्हे. बदलावे लागणारच. प्रश्न आहे तो कसे, केव्हा आणि कोणाच्या संमतीने बदलावे हा. आणि येथेच आमचा संबंध येतो.

आमच्या पाहण्यातील एक हकीकत सांगतो. चाकण भागातील एक कारखाना, नाव सांगण्याचे कारण नाही. त्याचे मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे. तेथल्या लोकांनी नवी आवृत्ती पाठवण्यासाठी रविवार निवडला, कारण रविवार हा सुट्टीचा वार. परंतु आपल्या पट्ट्यात विजेच्या सोयीसाठी कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडत आलेली आहे, आणि या कारखान्यातही रविवारी पहिली पाळी भरलेली होती. लेबल छापणारे संगणक आपोआप बंद होऊन चालू झाले ते अर्धवटच, छपाई होईना. माल तयार, खोकी तयार, ट्रक उभा; पण लेबलावाचून गिऱ्हाइकाच्या गेटवर खोके घेत नाहीत. दोन तास वाट पाहून पॅकिंगच्या कंत्राटी मुलांना घरी जाण्यास सांगितले आणि हजेरीपटावर त्यांचा अर्धा दिवस लागला. ज्याने बटण दाबले त्याचा पगार कापला गेला नाही. ज्यांना बटण म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, त्यांचा कापला गेला. ती मुले आमच्याकडे आली तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: "आमची चूक कोणती?" उत्तर देता येईना, कारण चूक त्यांची नव्हतीच.

कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी एकवीस दिवसांची सूचना देण्याचे कलम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. पण यंत्रात वा तंत्रात सुधारणा केल्याने कामगार कपात होण्याचा संभव असेल तरच ते त्या सुधारणेला लागू पडते. एका रात्रीत आवृत्ती बदलणे त्यात बसवणे कठीण. यंत्र बिघडल्यामुळे काम देता आले नाही तर 'ले-ऑफ'ची निम्म्या वेतनाची भरपाई कायद्यात आहे; परंतु ती वर्षभर सलग नोकरी झालेल्यांना, आणि बदली व नैमित्तिक कामगारांना वगळून. कंत्राटी मुलगा ठेकेदाराच्या पटावर. त्याने ती मागायची कोणाकडे, हे शोधण्यातच महिना जातो. म्हणून जे कायद्यात नाही ते करारात आणावे लागेल. याला आधार आहे. बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला, पण १९८३ साली बँकांशी यांत्रिकीकरणाचा रीतसर करारही केला. यंत्र येणार हे मान्य करून ते कोणत्या अटींवर येईल, हे त्यांनी कागदावर आणले.

आमच्या मते अशा करारात पाच गोष्टी हव्यात. त्या संगणकशास्त्रालाही धरून आहेत आणि न्यायालाही.

पहिली, तुकड्या पाडणे. नवी आवृत्ती आधी आयटी खात्याच्या स्वतःच्या संगणकांवर घालावी, मग प्रत्येक शॉपमधील एकदोन बिनमहत्त्वाच्या संगणकांवर. दोन दिवस चालू द्यावे. मग शेकडा दहांवर, मग निम्म्यांवर, शेवटी सर्वांवर. एकाच कामाचे दोन संगणक असतील तर दोघांना एका तुकडीत घालू नये. फाउंड्रीत नवा साचा आला की पहिल्या दिवशी सारी भट्टी त्यात ओतत नाहीत. दोनचार नग काढून तपासतात. हीच ती रीत.

दुसरी, वेळ. ती कारखान्याच्या पाळ्यांवरून ठरावी, परदेशातील पंचांगावरून नव्हे. सुट्टीचा वार गुरुवार असेल तर गुरुवार, आणि तोही मेंटेनन्सचा माणूस हजर असताना. सूचना निदान तीन दिवस आधी फलकावर मराठीत लागावी: कोणत्या शॉपमध्ये, किती वाजता, किती वेळ.

तिसरी, परतीचा रस्ता. जुनी आवृत्ती पुसून न टाकता जवळ ठेवावी. नवा गुमास्ता ठरावीक मिनिटांत ठाण्याशी बोलला नाही, तर जुना आपोआप जागा होईल अशी योजना असावी. आवृत्तीवर बनवणाऱ्याची संगणकी मोहोर आहे की नाही हे तपासावे, पण मोहोर आहे म्हणून तुकड्या पाडणे सोडू नये. घरच्याच वाटेने येणारा चोर खरी मोहोरही घेऊन येऊ शकतो. कुलूपबंद डिस्कच्या किल्ल्यांची यादी कागदावर, तिजोरीत ठेवावी. संगणकच बंद पडल्यावर संगणकातली यादी काय कामाची? आणि लेबल हाताने लिहून माल पाठवण्याची सोय गिऱ्हाइकाशी आधीच बोलून ठेवावी.

चौथी, थांबवण्याचा अधिकार. लाइनवर काही विपरीत दिसले तर ऑपरेटर लाल बटण दाबून यंत्र थांबवतो. त्यासाठी तो साहेबांची परवानगी मागत नाही. तसेच पहिल्या तुकडीत बिघाड दिसताच पुढची तुकडी थांबवण्याचा अधिकार शॉपमधील जबाबदार माणसाला असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला मेमो मिळू नये. बिघाड सर्वांत आधी कोणाला दिसतो? जो रोज त्या पडद्यापुढे आठ तास उभा असतो त्याला. पडदा नेहमीपेक्षा सावकाश उघडतो, हे त्याला ठाण्यातल्या आलेखाआधी कळते. त्याला विचारण्याची पद्धत नसेल तर ते ज्ञान वाया जाते.

पाचवी, हिशेब. आवृत्ती बदलल्याने काम थांबले तर त्या तासांचे पूर्ण वेतन, कायम असो वा कंत्राटी, सर्वांना मिळावे. हा दानधर्म नव्हे. आज काम थांबल्याचा भुर्दंड सर्वांत दुबळ्याच्या खिशातून जातो, म्हणून तुकड्या पाडण्याचा कंटाळा करणे वरच्यांना परवडते. तो भुर्दंड जेथे निर्णय होतो तेथे पोहोचला, की सावधगिरी आपोआप येईल. याच हिशेबात आणखी एक बाब घालावी: नव्या आवृत्तीत गुमास्ता आणखी काय पाहू लागला, त्याची यादी. सर्वोच्च अधिकार असलेला गुमास्ता काल विषाणू पाहत होता. उद्या कोण किती मिनिटे जागेवरून उठला हेही पाहू लागेल, आणि ते काम कोणत्याही सूचनेवाचून, एका रात्रीत सुरू होऊ शकेल. राखणदार म्हणून आलेल्याने मुकादम होऊ नये. व्हायचे असेल तर तसे सांगून व्हावे.

काही व्यवस्थापक म्हणतात की, हल्ल्याचा धोका समोर असताना दोन दिवस थांबायला सवड कोठे असते? आक्षेप खरा आहे. पण घाई आहे म्हणून पहिली तुकडी वगळू नये. वाटल्यास तिचा वेळ दोन दिवसांवरून दोन तासांवर आणावा. १९ जुलैला पहिल्या हजारभर संगणकांकडे अर्धा तास जरी पाहिले असते, तरी पुढचे लक्षावधी वाचले असते. आग विझवायला धावणारा बंबसुद्धा पाइप जोडल्यावरच पाणी सोडतो.

या पट्ट्यातील संघटनांना आमची विनंती आहे की, पुढच्या करारपत्रकात महागाई भत्त्याच्या कलमाखाली या पाच कलमांना जागा द्यावी. आणि त्याआधी प्रत्येक शॉपमधल्या एकदोन तरुण कामगारांनी आयटीवाल्यांशी ओळख करून घ्यावी. ती मुलेही नोकरदारच आहेत. रात्री दोन वाजता फोन आला की त्यांनाही अंथरुणातून उठून यावे लागते. आपल्या कारखान्यात किती संगणक आहेत, त्यांत कोणाचे गुमास्ते बसले आहेत, आणि त्यांना हुकूम कोठून सुटतो, एवढे तीन प्रश्न त्यांना उद्याच्या पाळीत विचारावेत.